बाबाच्या घड्याळाचं बेट

मुलांनो, डोळे मिटा आणि एक घर नजरेसमोर आणा. बंगळुरातल्या जयनगरातलं, तिसऱ्या मजल्यावरचं. हॉलच्या भिंतीवर शेजारी-शेजारी दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं न्यूयॉर्कचं. आपल्या घड्याळात सकाळ होऊन दूध उकळत असतं, तेव्हा दुसरं म्हणतं, चला, झोपायची वेळ झाली. आता सांगा, या घरातला बाबा कोणत्या घड्याळाचं ऐकत असेल?

बरोबर. दुसऱ्याचं.

बाबाचं, म्हणजे आशयचं काम होतं अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवण्याचं. तिकडे दिवस, तेव्हा तो जागा. त्याची मुलगी केतकी शाळेला निघायची तेव्हा त्याच्या खोलीचे पडदे ओढलेले असायचे. संध्याकाळी ती खेळून घरी यायची, तर तो दाढी करून कामाला बसण्याच्या घाईत. "केतू, उद्या बोलू हं," म्हणायचा. पण उद्याही तसाच निघायचा.

मागच्या दिवाळीत तिघं तारकर्लीला गेली होती. समुद्र होता, शिंपले होते, आणि बाबा खोलीत घोरत होता. त्याला सुट्टी मिळाली, पण त्याच्या झोपेला ते कोण सांगणार? केतकीनं वाळूचा मोठा किल्ला केला, भोवती खंदक खणला. बाबा उठेपर्यंत अंधार पडला होता आणि भरतीनं किल्ला नेला होता. बाबानं तो फोटोत पाहिला.

म्हणून या वर्षी बाबा जेव्हा म्हणाला, "नाताळात चांगली लांब रजा टाकतोय, कुठं जायचं ते तुम्ही दोघी ठरवा, फक्त गर्दी नको," तेव्हा केतकी थेट खालच्या मजल्यावर, शेजारच्या पद्मनाभ आजोबांकडे पळाली.

आजोबांचं घराणं बंगळुरात मुरलेलं. विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, टेबलावर पृथ्वीचा गोल, आणि शिकवायला कोणी मिळालं की चेहरा उजळायचा.

"आजोबा, बाबा झोपतो तेव्हा जिथं खरोखरची रात्र असते, असं बेट कुठं आहे?"

"स्वल्प, थोडं थांब." आजोबांनी पडदा ओढला आणि टॉर्च लावली. उजेड भारतावर पडला. "हे आपण. समज, सकाळ झालीय. आता पलीकडून बघ."

केतकी टेबलाला वळसा घालून गेली. तिथं अंधारात निळा समुद्र होता आणि त्यात कोणी चुरमुरे सांडल्यासारखी बेटं.

"कॅरिबियन," आजोबा म्हणाले. "तिथं आत्ता रात्र. तुझ्या बाबाची रात्र."

त्या दिवसापासून घरात बेटं निवडणं सुरू झालं. आईच्या टिकल्यांचं पाकीट आजोबांच्या टेबलावर जाऊन बसलं. आवडलेल्या बेटावर टिकली लावायची. एक बेट तर टिकलीखाली पुरतं बुडालं.

आईला, सुखदाला, बेक्वे पसंत पडलं. "छोटंसं बंदर, होड्या, शांतता. रोज ऑफिसला जातानाचा इलेक्ट्रॉनिक सिटीचा तो फ्लायओव्हर मी महिनाभर तरी विसरेन!"

"नको. ते बाबाच्या घड्याळाच्या तासभर पुढे आहे."

"अगं, तासाभरानं काय आभाळ कोसळतंय?"

"तिथं उजाडल्यावर बाबा आणखी तासभर झोपलेला असेल."

आईनं केतकीची वेणी सोडली आणि उगाच पुन्हा घातली.

शेवटी क्यूबा आणि जमैका यांच्या मधलं केमन ब्रॅक ठरलं. लहानसं, निवांत, आणि हिवाळ्यात त्याची वेळ बाबाच्या घड्याळाशी तंतोतंत जुळणारी. कामाला बसता बसता बाबानं विचारलं, "तिथं जाऊन काय करायचं गं आपण?"

"सकाळी उठायचं."

"बरं. मग?"

"मग तूही उठलेला असशील."

बाबा हातातला हेडफोन कानाला लावायचा विसरला.

नंतर ती रोज बेटावर जाऊन यायची. गणिताच्या तासाला, बसच्या खिडकीत. तिथं काही विशेष घडत नसे. ऊन असे, आणि बाबा चहा पीत किल्ल्याला बुरूज कुठं हवा ते सांगत असे. बस, एवढंच.

आणि डिसेंबरात एका संध्याकाळी बाबा तिच्याजवळ येऊन बसला. "केतू, तिकडचे सगळेच नाताळच्या सुट्टीवर निघालेत. कोणीतरी जागं राहायला हवं. मला रजा नाही मिळाली गं."

केतकी रडली नाही. खाली गेली आणि गोलासमोर बसून राहिली. आजोबांना बातमी कळली होती.

"बेट इकडे आणता येणार नाही का?" तिनं विचारलं.

"नाही, बाळ."

"आणि बाबा तिकडे जाऊ शकत नाही."

"नाही."

"मग?"

आजोबांनी टॉर्च तिच्या हातात दिली. ती कधी जयनगरावर उजेड पाडत होती, कधी केमन ब्रॅकवर. मग तिनं टॉर्च बंद केली, बेटावरची टिकली नखानं अलगद काढली, बोटावर चिकटवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी होती. सकाळी दूधवाला येऊन गेला. बाबा काम संपवून, डोळे चोळत आपल्या खोलीकडे निघाला, तर दारावर लाल टिकली. आत पडदे ओढलेले. त्याच्या उशीला चिकटून दुसरी, छोटी उशी ठेवलेली, आणि केतकी दारातच उभी.

"अगं, आत्ता तर उठलीस!" डबा भरता भरता आई म्हणाली. "नाश्ता व्हायचाय!"

"हळू बोल ना, आई. बेटावर रात्र झालीय."

आणि केतकी बाबाचा हात धरून त्याला आत घेऊन गेली, त्याच्या शेजारी आडवी झाली, पांघरूण दोघांच्या अंगावर ओढलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.