पाऊण इंची पाइप

“अडतीस, काका.” आजीच्या खोलीतल्या, गरम पाण्यावर खोली तापवणाऱ्या रेडिएटरला तापमापक लावून पुतणीनं खिडकीतून आकडा सांगितला.

मिस्त्रीनं मागच्या शेडमधल्या लाकडाच्या बॉयलरचा काटा पुन्हा एकदा पाहिला. ऐंशी. इथून ऐंशी अंशांवर निघालेलं पाणी शेवटच्या खोलीत अडतीसवर पोचत होतं. म्हणजे बॉयलर ठणठणीत होता, लाकडंही खडखडीत वाळलेली होती. मग उरलं काय? मधला पाइप. आणि तो तर त्यानं स्वतःच्या हातानं गाडलेला.

मिस्त्री म्हणजे या घरातला धाकटा. तीस वर्षं नळाची कामं केलेला माणूस. दादाकडे बॉयलर आला तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, “अंतर लांब आहे, सव्वा इंचीच पाइप टाका.” मिस्त्रीनं त्याला उडवून लावलं. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, हे पोराटोरांनाही कळतं. पाइप बारीक तर पाणी वेगात, वेगात तर वाटेत गार व्हायला वेळच नाही. टाकला पाऊण इंची! पण खोल्या तापवायला पाणी भरपूर फिरावं लागतं, आणि लांबवर बारीक पाइपातून तेवढं जातच नाही. हे शहाणपण त्याला आज आलं, आई जाऊन आठ महिने झाल्यावर.

दोन हिवाळे आई त्या खोलीत गारठली. दुसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ धरला, त्यातून ती उठलीच नाही. खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. ही ओली लाकडं घालते, हिला जाळ ठेवता येत नाही, असं दादा चारचौघांत बोलायचा. मिस्त्रीनंही मान डोलावली होती, एकदा नाही, चांगली दहा वेळा.

आता त्या खोलीत पुतणी अभ्यासाला बसायला लागली आणि तिची बोटं आखडायला लागली, म्हणून त्याला बोलावणं आलं होतं.

दादा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. मागं वहिनी, हातात लाकडांचा भारा.

“काय रे, लाकूड ओलंच ना?”

पाइप चोंदलाय म्हटलं असतं तर कोण खोदून बघणार होतं? शब्द अगदी जिभेवर आले होते. पण वहिनी खाली मान घालून उभी होती, आणि मिस्त्रीला ते बघवेना.

“नाही दादा. लाकूड पहिल्यापासून कोरडंच होतं. पाइप मी बारीक टाकला. आईची खोली माझ्यामुळे गार होती.”

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग घरात निघून गेला. वहिनीनं एकेक लाकूड खाली ठेवलं.

“दोन वर्षं, भावजी,” ती एवढंच म्हणाली.

“वहिनी, मी यायचो तेव्हा आईच्या अंगात स्वेटरसुद्धा नसायचा. छान ऊब आहे म्हणायची. मला वाटलं, पाइप ठीक आहे, जाळच कधीमधी कमी पडतो...”

“फाटक वाजलं की काढायची ती,” पुतणी म्हणाली. ती तापमापक परत द्यायला आली होती. “दोन-दोन स्वेटर. उशीखाली कोंबून ठेवायची. म्हणायची, काकाला सांगू नकोस, त्यानं हौसेनं केलंय.”

“आणि दादा वहिनीला बोलायचा तेव्हा?”

“तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायची.”

चार दिवस खपून मिस्त्रीनं एकट्यानं सगळा चर पुन्हा खणला आणि सव्वा इंची पाइप टाकला. दादा एकदाही तिकडे फिरकला नाही. वहिनीनं चहा मात्र वेळच्या वेळी पाठवला, स्वतः आली नाही.

पाचव्या दिवशी आईच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेववेना. मिस्त्री पलंगाच्या कडेला बसला होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“काका, किती उकडतंय. स्वेटर काढा ना,” पुतणी वहीतून मान वर करून म्हणाली.

“असू दे,” मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं गळ्याजवळचं बटणही लावून घेतलं.