भट्टीपुढे बसलेला हर्मिस

मी एक जुना, लंगडा, काश्याचा देव आहे, मित्रांनो, आणि आज तुमच्याशी बोलायला शिल्लक आहे हेच नवल. गेल्या माघात आष्ट्याच्या एका ओताऱ्याने भट्टी पेटवली होती. धातू वितळवायची मूस तापून लालभडक झाली होती आणि मला तिच्यापुढे पाटावर बसवलं होतं. आणखी थोड्या वेळात माझं पाणी पाणी होणार होतं. पण त्याआधी मी कोण, ते सांगितलं पाहिजे.

माझं नाव हर्मिस. दोन हजार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, ग्रीकांच्या गावात माझा जन्म झाला. कारागिराने मला आधी मेणात घडवलं, वरून माती लिंपली, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत कासं ओतलं. ग्रीकांचे देव पुष्कळ, आणि ते ओळखायचे जवळच्या खुणांवरून. हातात वीज तो झ्यूस, त्रिशूळ तो समुद्राचा पोसायडन, जवळ घुबड ती अथीना. मला कारागिराने पंखांची टोपी घातली आणि खांद्यांवर एक मेंढा दिला. कारण तनाग्रा नावाच्या गावात रोगाची साथ आली, तेव्हा मी मेंढा खांद्यावर घेऊन गावकुसाभोवती फेरी मारली आणि साथ परतवली, अशी तिथली कथा आहे.

तसा मी लहानपणापासून द्वाड. जन्मलो त्याच दिवशी पाळण्यातून उतरलो आणि थोरल्या भावाच्या, अपोलोच्या, गाई पळवल्या. माग लागू नये म्हणून त्यांना उलट्या पावली चालवलं. तेव्हापासून वाटसरू, व्यापारी, मेंढपाळ यांच्याबरोबर चोरांचाही देव मीच. आज मी ज्या घरात राहतो तिथल्या म्हाताऱ्या हरणाबाईंना मात्र हे मी कधी कळू दिलेलं नाही.

एका व्यापाऱ्याने मला गलबतातून कोकणात आणलं आणि बैलाच्या पाठीवर घाट चढवला. पुढे कवठे महांकाळजवळच्या माळावर तो तापाने गेला आणि मी मातीत गेलो. किती शतकं, ते मोजायला तिथे कोण होतं? एके दिवशी त्या घरच्या बाळासोंचे, म्हणजे हरणाबाईंच्या मुलाचे, आजोबा मेंढरांभोवती जाळी लावायला मेख ठोकत होते. ती खणकन माझ्या टोपीवर बसली. त्यांनी मला उकरून काढलं, धोतराला पुसलं आणि माझ्या खांद्यावरचा मेंढा बघून ते मोठ्यांदा म्हणाले, "आरं, ह्यो तर आपलाच मानूस हाय!"

माझं गाव, कूळ कुणी विचारलं नाही. त्यांनी मला देव्हाऱ्यात धनगरांच्या बिरोबाशेजारी बसवलं आणि रोज भंडारा वाहिला. लेकराला ताप आला की आधी माझ्या पायाशी आणत. मला ते घर फार आवडलं, मित्रांनो. इतकी माया मला माझ्या देशातही मिळाली नव्हती.

एकच गोष्ट वाईट होती. दर दसऱ्याला मला चिंच आणि राख लावून घासत. देव लखलखला पाहिजे, ही त्या घराची हौस. त्या हौसेत माझं नाक गेलं, टोपीचा एक पंख गेला, मेंढ्याची शिंगं गुळगुळीत झाली. घासणाऱ्याला वाटे आपण सेवा करतोय, आणि मी दरवर्षी थोडा थोडा संपत होतो.

मग बाळासोंच्या मुलीचं, सोनियाचं, लग्न ठरलं. लग्नाआधी देव उजळायचे म्हणून बाळासो मला न्हाणीत घासायला बसले. चिंचेच्या कोळाने हात बुळबुळीत झालेले. मी सटकलो आणि दगडावर आदळलो. माझा डावा पाय घोट्यापासून तुटला.

बाळासोंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात भावकीतले नाथाजी आले आणि म्हणाले, "खंडित देव घरात ठेवून लगीन करनार व्हय? पोरीच्या संसाराला बाधा यायची. आटवून नवा करून घ्या." त्या रात्री बाळासोंना झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी मला आणि बिरोबाच्या झिजलेल्या पितळी मुखवट्याला पिशवीत घालून ते आष्ट्याला निघाले. त्यांना दोष देणार नाही मी. लेकीच्या काळजीने माणूस काहीही करतो.

त्यांच्या आईही बरोबर आल्या. त्याच हरणाबाई. देव आटवताना घरच्या माणसांनी भट्टीसमोर बसायचं, आपल्या देवाचा धातू दुसऱ्याच्या धातूत मिसळू द्यायचा नाही, अशी तिकडची रीत आहे.

ओताऱ्याचं नाव इंद्रजित. त्याच्या छपरात मेणाचे देव रांगेने वाळत होते, बाजूला मातीचे साचे होते. मी ओळखलं, याच रीतीने मी जन्मलो होतो. मला पळून जावंसं वाटलं, पण काश्याला पळता येत नाही. इंद्रजितने कानशीने माझी पाठ जराशी खरवडली आणि म्हणाला, "हे पितळ न्हाई, कासं हाय. लय जुनं दिसतंय. पर मिसळून चालतंय." मग त्याने बिरोबाचा मुखवटा मुशीत टाकला. इतकी वर्षं शेजारी बसलेला माझा सोबती बघता बघता पिवळा रस झाला. आता माझी पाळी होती.

चिमटा माझ्या कमरेला लागला, तोच हरणाबाई म्हणाल्या, "थांब. देवाला इचारल्याबिगर इस्तवात घालायचा न्हाई. मी कौल लावती."

"आजी, मूस तापलीया," इंद्रजित म्हणाला.

"तापू दे."

त्यांनी शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि माझ्या दोन्ही दंडांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देव आटवायला राजी, डावी पडली तर नाही. मित्रांनो, मी निरोप पोचवणारा देव! झ्यूसचे निरोप स्वर्गातून पाताळापर्यंत नेले मी, आणि स्वतःच्या जिवासाठी एक शब्द मला बोलता येईना. त्यात बाळासोंनी मला घाईत मावळतीकडे तोंड करून बसवलं होतं आणि भट्टी उत्तरेला, म्हणजे माझ्या उजव्या अंगाला होती. त्या धगीने उजवी पाकळी वाळू लागली. तिची कड सुटली. ती निम्मी लोंबायला लागली. संपलं, असं मला वाटलं.

"आगं बया!" हरणाबाई एकदम उठल्या. "देवाचं तोंड मावळतीला? आसा कुटं कौल लावत्यात?" त्यांनी मला उचलून उगवतीकडे फिरवलं आणि दोन्ही पाकळ्या नव्याने भिजवून लावल्या.

आता धग माझ्या डाव्या अंगाला आली. मी श्वास धरावा तसा बसून होतो. बाळासो हात जोडून, डोळे न मिटता बघत होते. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पाकळी सुटली आणि पाटावर पडली.

"न्हाई म्हनतोय," हरणाबाई म्हणाल्या.

बाळासो काही वेडे नव्हते. ते म्हणाले, "आये, तू देव फिरवलास म्हनून डावी पडली. पयली उजवीच सुटत हुती. सोनियाचं काय वंगाळ झालं तर?"

"मग परत लाव. पर तोंड उगवतीलाच ऱ्हाईल."

बाळासोंनी माझा तुटका पाय चाचपला. मग म्हणाले, "खंडित हाय गं आये तो."

हरणाबाई त्यांच्याजवळ बसल्या. "बाळासो, मेंढरू लंगडं झालं तर तू माळावर टाकून येतूस, का खांद्यावर घेतूस?"

बाळासोंनी डोळे पुसले आणि मला उचलून खांद्यावरच्या घोंगडीच्या घडीत ठेवलं. इंद्रजितने मूस पुन्हा भट्टीत सरकवली आणि एकट्या बिरोबाचा मुखवटा ओतला. माझ्या तुटक्या पायाखाली द्यायला त्याने मेणाची एक गोळी करून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सोनियाचं लग्न फाल्गुनात झालं. ती सुखात आहे, परवाच माहेरी येऊन गेली. मी देव्हाऱ्यात मेणावर टेकून उभा असतो. नवा बिरोबा शेजारी चमकतो आणि मी काळा पडत चाललोय. आता मला फक्त कोरड्या फडक्याने पुसतात.

भट्टीच्या धगीने पाकळी सुटते हे हरणाबाईंना कळत होतं का, की त्यांना खरंच फक्त दिशा खटकली, हे मी अजून ठरवू शकलो नाही. साठ वर्षं चुलीपुढे बसलेली बाई ती. मी चोरांचा देव, मला लबाडी लगेच ओळखू येते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मलाही काही कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी असेल, झिजलेलं, मोडकं, नाव विसरलेलं. त्याला चिंच लावू नका. आणि ते मोडीत काढायला निघालात, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा.