ज्वारीचा बाक

“भुजंगराव, बाहेर या. पाना राहू द्या तिथंच.”

मी एसटी डेपोच्या पिटात, गाडीखाली उतरून उदगीर गाडीचे ब्रेक बघत होतो. वर आमचे हेडमेकॅनिक उभे होते.

“दोनच बोल्ट राहिलेत, साहेब.”

“राहू द्या म्हणलं की. कॉलेजातून फोन आलता. मॅडमला वर्गात चक्कर आली. लातूरला घेऊन निघालेत.”

डेपोची जीप घेऊन आम्ही मागोमाग निघालो. लामजन्याच्या पुढे अँब्युलन्स रस्त्याच्या कडेला उभी दिसली. भोंगा बंद होता. ड्रायव्हर खाली उतरून उभा होता आणि त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. तेव्हा मला कळलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

माझी बायको ज्ञानेश्वरी निलंग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा पेपर असतो. विनिमय दर, व्यवहारतोल, नाणेनिधी, जागतिक बँक. ती म्हणायची, “पोरं पाठ करतेत आन पेपरात ओततेत. डोक्यात काय राहत न्हाई.” म्हणून तिनं वर्गात खेळ मांडला होता. प्रत्येक बाक म्हणजे एक देश. त्या बाकावरच्या पोरांच्या घरी जे धान्य असेल ते त्या देशाचं चलन. प्रत्येक बाक काहीतरी विकायचा. अंगदच्या बाकाचं चलन हरभरा, आणि तो मळ्यातले पेरू आणायचा. कुणी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून द्यायचं, कुणी मेंदी काढून द्यायचं. माल घ्यायचा तर विकणाऱ्याचंच धान्य मोजावं लागे. आपल्याकडे ते नसेल तर आधी बदलून आणायचं. कशाला किती, तो दर रोज फळ्यावर लिहिलेला असे.

धम्मप्रियाचं आजोळ देगलूरकडचं. तिच्या बाकाचा तांदूळ होता आणि तांदूळ कुणीही घेई. पोरं तिला अमेरिका म्हणत. पुनमच्या बाकाची ज्वारी होती. ज्वारी सगळ्यांच्याच घरी, त्यामुळे ती कुणाला नको असायची. दर रोज पडायचा.

वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या बाकांनी आपापलं थोडं धान्य एकत्र ठेवलं होतं. तो त्यांचा नाणेनिधी. एखाद्या देशाकडचं बाहेरचं धान्य संपलं, तर त्यानं निधीकडून घ्यायचं आणि निधी घालील त्या अटी पाळायच्या. द्यायचं की नाही ते मतानं ठरे, ज्याचा वाटा मोठा त्याची मतं जास्त; अटी घालायचं काम मात्र ज्ञानेश्वरीचं. कॉलेजात उंदरं फार, म्हणून निधीचे डबे आमच्या घरी पलंगाखाली असत.

तेरवीच्या आदल्या दिवशी माझी थोरली बहीण नीलाआक्का म्हणाली, “भुजंगा, पाव्हणे वाढायलेत. पलंगाखाली डबे हायेत गहू-तांदळाचे. काढू का?”

“काढ,” म्हणालो. त्या दिवशी कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

तेरवी झाली, पाहुणे गेले. आक्का घर आवरायला राहिली. आठवडाभरानं अंगद, पुनम आणि धम्मप्रिया घरी आले. चपला काढून ओळीनं बसले. आक्कानं चहा ठेवला.

अंगद म्हणाला, “काका, नवे सर आलेत. ते म्हणले, शनिवारपर्यंत तुमचा खेळ संपवा, न्हाईतर मी पुस्तकातून शिकवतो. अंतर्गतचे गुण बी मग पुस्तकावरच.”

“मग संपवा की.”

“संपत न्हाई. ही बसलीय ना दिवाळं काढून.” त्यानं पुनमकडं बोट केलं.

“तुझ्याच पेरूनं काढलं दिवाळं,” पुनम म्हणाली. “सडके पेरू हरभऱ्याच्या भावानं विकले ह्यानं.”

“मग खाल्ले कशाला रोज? मी काय घरी आणून भरवलो का तुला?”

धम्मप्रियानं दोघांना गप्प केलं आणि मला समजावून सांगितलं. पुनमच्या बाकानं घेतलं फार, विकलं काही नाही. आता त्यांच्याजवळ ज्वारीशिवाय दाणा नाही आणि ज्वारी कुणी बदलून देत नाही. त्यांनी निधीकडं तांदूळ मागितला होता. तो मंजूर करायच्या दिवशीच मॅडम वर्गात खाली बसल्या.

“खेळ असाच राहिला तर आमचा बाक बुडालेलाच राहतो, काका,” पुनम म्हणाली. “गुणाचं जाऊ द्या. मॅडमनी शब्द दिलता की तुला वर काढते म्हणून. निधीचे डबे तेवढे द्या.”

मी पलंगाखाली वाकलो. डबे हलके लागले. एक सोडून सगळे रिकामे, धुऊन पालथे घातलेले. भरलेला होता तो ज्वारीचा. तेरवीला पुऱ्या असतात, भाकरी नसते.

“आक्का, ह्यातलं धान्य?”

“वाढलं की पंगतीत. गव्हाच्या पुऱ्या, मुगाची न् हरभऱ्याची उसळ. तूच म्हणलास काढ म्हणून.” मग तिनं पोरांच्या तोंडाकडं पाहिलं. “का रे? काय झालं?”

मग अंगद हळूच म्हणाला, “हरभऱ्याची उसळ मी दोनदा मागून घेतलतो.”

“मी भात,” धम्मप्रिया म्हणाली.

“म्हणजे आपला निधी आपणच खाल्ला,” अंगद म्हणाला आणि त्याला हसू आलं. धम्मप्रियाही हसली. आक्का तोंडाला पदर लावून आत गेली. पुनम तेवढी हसली नाही.

मी तिच्यापुढं डबा सरकवला. “ज्वारी हाय की, बाळ. ही घेऊन जा.”

“काका, माझीच ज्वारी मला देऊन काय उपयोग? ती माझ्याकडं पोत्यानं हाय. मला दुसऱ्याचं पायजे.”

“मग बाजारातून तांदूळ आणून भरतो. माझ्या हातून गेलंय, मीच भरायला पायजे.”

“तसं चालत न्हाई. तुम्ही एकट्यानं भरलं की ते दान झालं. मॅडम म्हणायच्या, निधी दान करत न्हाई. सगळ्यांचं असतंय, म्हणून मागायला लाज नसती.”

पुनम हे अगदी ज्ञानेश्वरीसारखं बोलली. मी उठून बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो.

शेवटी ठरलं की सगळ्या बाकांनी आपापला वाटा पुन्हा आणायचा. अंगद कुरकुरला. “आमचा वाटा मोठा. दोनदा भरायचा तर मतं बी दुप्पट पायजेत आम्हाला.”

“हितंच सुरू झाला बघा ह्याचा रुबाब,” धम्मप्रिया म्हणाली. “आण गपचूप.”

शनिवारी मी रजा टाकली आणि डबे घेऊन कॉलेजात गेलो. इतक्या वर्षांत तिला सोडायला गेटापर्यंत गेलो होतो, वर्गात पहिल्यांदाच. पोरांनी पिशव्यांतून गहू, मूग, तांदूळ आणले होते. एकीच्या बाकाचा मूग या वर्षी संपला होता, तिनं शेजारणीकडून उसना आणला होता. अंगदनं हरभरा आणला, वर चार पेरू आणले. ते त्यानं पुनमच्या बाकावर ठेवले.

“किती घेणार ह्याचे?” तिनं विचारलं.

“ही मदत हाय,” तो म्हणाला. “निधीच्या बाहेरची.”

नवे सर तरुण होते. मागच्या बाकावर बसून ते सगळं पाहत होते. डबे भरले. वाट्याप्रमाणे मतं, या नियमानं मतदान झालं. पुनमच्या बाकाला तांदूळ द्यायचं सगळ्यांनी मान्य केलं. धम्मप्रियानं माप भरून तांदूळ एका पिशवीत घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग सर उठून फळ्याजवळ आले. “आता अटी,” ते म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला. “काय अटी होत्या?”

सगळा वर्ग माझ्याकडं बघू लागला.

मला काय माहीत असणार? ती गेली त्याच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाली होती, “त्या पुनमला काय अट घालावी कळंना गेलंय. कडक घातली तर पोरगी मोडंल, सैल घातली तर शिकणार न्हाई.” मी विचारलं, “मग?” ती म्हणाली, “बघू. उद्या वर्गात तिचं तोंड बघून ठरवते.”

एवढंच मी वर्गाला सांगितलं.

अंगद म्हणाला, “एक महिना पेरू बंद करा तिचे. सोपं हाय.”

कुणी हसलं नाही. सर म्हणाले, “काका, तुम्ही घाला एखादी. मॅडमच्या वतीनं.”

माझ्या मनात दोन-तीन गोष्टी आल्या. त्या माझ्या होत्या, तिच्या नव्हत्या. मी नको म्हणालो.

पुनमनं पिशवी उचलली, माझ्यापाशी आणली आणि माझ्या हातात दिली. “अटीबिगर न्हाई घेणार मी, काका. अटी ठरल्या की न्हेते.”

सरांनी तिच्या बाकालाही पूर्ण गुण दिले. ते बरोबर केलं. परीक्षा झाली, पोरं पांगली. पुनम आता नांदेडला पुढं शिकायला गेली. बाकीच्यांनी आपापलं धान्य परत नेलं. तिचा तांदूळ माझ्याकडं आहे. महिन्याला उन्हात घालतो आणि परत भरून ठेवतो.

दिवाळीत ती घरी येऊन गेली. चहा घेतला, आक्काची चौकशी केली. जाताना दारात थांबली.

“ठरल्या का काका अटी?”

“न्हाई, बाळ,” म्हणालो.

अजून ठरल्या नाहीत.