संताचा ओक, आमचे देव

मैत्री माझी नात, दहा वर्षांची. जर्मनीत र्युसेल्सहाइमला जन्मली, तिथेच वाढली. 'ये, जेव, झोप' एवढं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र जर्मनमधूनच. मला जर्मन येत नाही, त्यामुळे आमच्या दोघांत माझा मुलगा अश्वजित दुभाष्या. ही २०१६ची गोष्ट. यानंतर विमानप्रवास नाही, असं डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं. परवा मी परत जाणार होतो. म्हणजे ही भेट शेवटचीच.

तिला शाळेत बोनिफात्सिउस नावाच्या संतावर बोलायचं होतं. त्याची तालीम तिने माझ्यासमोर केली. अश्वजित वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होता. तेराशे वर्षांपूर्वी हा संत इंग्लंडहून आला. इथल्या लोकांचा विजेचा देव ओकच्या एका झाडात राहायचा. याने कुऱ्हाड घेतली, झाड पाडलं, त्याच्याच लाकडाचं प्रार्थनाघर बांधलं. वीज काही कोसळली नाही, म्हणून लोक ख्रिस्ती झाले. म्हातारपणी तो दूर उत्तरेला धर्म सांगायला गेला, तिथे त्याला मारून टाकलं.

मी म्हटलं, "अश्वजित, तिला सांग. छप्पन साली माझे वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले. माझ्या आईनं स्वतः देव्हारा रिकामा केला. खंडोबा, मरीआई, सगळे टाक फडक्यात बांधले न् नदीत सोडले. मी तिचा पदर धरून उभा होतो. रडत होती, पण हात थांबला नाही. या संतानं दुसऱ्यांचा देव तोडला. आम्ही आमचे देव आमच्या हातानं सोडले, माणूस म्हणून जगायला. पुढे गावानं आमचं पाणी बंद केलं, तरी ती मागं फिरली नाही. तू त्या बाईची पणती आहेस, म्हणावं."

अश्वजितने सगळं ऐकून घेतलं आणि तिला दोन शब्द सांगितले.

"एवढ्यात उरकलंस?"

"बाबा, माझ्या ऑफिसातल्या शिरीषची इरा तिच्याच वर्गात आहे. ही तिथं बोलणार, ती घरी सांगणार, मग ऑफिसात, मराठी मंडळात... आल्झो, म्हणजे, तुम्ही परवा जाल. मला इथं राहायचंय."

आमच्या आडनावावरून जात कळत नाही, याचंच त्याला कोण समाधान! बाबासाहेबांचा फोटो कपाटात, आणि गणपतीत शिरीषकडे आरतीला हा सगळ्यांच्या पुढे. मला राग आला आणि रागापेक्षा जास्त कीव आली. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

तेवढ्यात मैत्रीने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"आपल्या घरात कुणी कधी असा धर्म बदलला होता का, विचारतेय."

"आता तरी सांग रे. हात जोडतो तुला."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिला म्हणाला, "नाइन."

नाही. तेवढं जर्मन मला कळलं. पोरीचा बापावर पूर्ण विश्वास. तिने मान डोलावली आणि जाता जाता माझ्या गालाची पापी घेऊन खेळायला गेली.