बिनमिठाची बरणी

मी बरणी बोलून राहिले. काचेची, अर्ध्या किलोची, आट्यांच्या लाल झाकणाची. आणि आधीच सांगून ठेवते, आज माझ्याकडून गोड बोलणं व्हायचं नाही. बावीस वर्षं तोंड बंद ठेवून बसले, झाकण लावलेलं होतं म्हणून. आता ऐका.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेत फुंकर घातली आणि मी फुगले. रागाचा स्वभाव तिथूनच आला असेल. तिथून पेंढ्यात गुंडाळून मी रायपूरला आले, सदर बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर. छत्तीसगड नुकतं वेगळं राज्य झालं होतं. रायपूर राजधानी झाली म्हणून जो तो छाती फुगवून चालायचा आणि खणलेल्या रस्त्यात पाय घालून पडायचा.

त्याच साली वनमालाबाईंनी मला घेतलं. माणसं मूळची अमरावतीकडची. यजमान दिवाकरराव सरकारी कचेरीत, भोपाळहून नव्या राजधानीत बदलून आलेले. समता कॉलोनीत घर मिळालं, पोरगी पूर्णिमा तेव्हा पहिलीत होती. वनमालाबाईंनी मला टिचकी मारून पाहिलं, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "हे चांगली आहे. हिच्यात लिंबाचं लोणचं टाकतो."

तर माझी पहिली वीस-बावीस वर्षं लोणच्यात गेली. म्हणजे मिठात. मीठ काय चीज आहे ते मला विचारा. ते पहिल्या दिवशी कसं खरखरतं, आठव्या दिवशी कसं पाणी सोडतं, किती झालं की काचेला पांढरी रेघ धरते, सगळं मला पाठ आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

त्या वर्षांत मी एक गोष्ट रोज पाहिली. वनमालाबाई स्वयंपाक करताना काही चाखायच्या नाहीत. देवाला नैवेद्य दाखवायचा असतो, त्याआधी चाखलं तर ते उष्टं होतं, ही त्यांच्या माहेरची रीत. मीठ-तिखट सगळं अंदाजानं आणि वासानं. मग नैवेद्य, मग दिवाकरराव, मग पूर्णिमा, मग आलं-गेलं कुणी. सगळ्यात शेवटी त्या ताट घ्यायच्या, आणि त्यात काय असायचं? जे उरलं ते. लोणच्याची फोड संपली असली तर माझ्या कडेला लागलेला खार पोळीनं पुसून खायच्या. मी तेव्हाही चिडायचे. पण बरणीला कोण विचारतं.

दिवाकरराव रिटायर झाले आणि वर्षभरात एका सकाळी सदर बाजारात चक्कर येऊन एका सोनाराच्या पायरीवर बसले. दुकानातल्या माणसांनी घरी आणून सोडलं. कॉलोनीतल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून पाहिलं आणि सांगितलं, प्रेशर फार आहे, मीठ तोडा. लोणचं, पापड, बिजौरीच्या वड्या, सगळं बंद. असंच चाललं तर एक दिवस अर्धं अंग जाईल.

वनमालाबाईंनी घरी येऊन पदर खोचला. लोणचं शेजारी देऊन टाकलं. मला तीनदा गरम पाण्यानं धुतलं, दोन दिवस उन्हात पालथी ठेवली.

पूर्णिमा आता हैदराबादेत नोकरी करते. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. तिनं फोनवर सांगितलं, "आई, अदरक का ड्रेसिंग बनाओ, सलाद पे डालो. नमक बिल्कुल नहीं, पापा को पता भी नहीं चलेगा."

त्या दिवसापासून माझ्यात ते ड्रेसिंग होऊ लागलं. वनमालाबाई त्याला अद्रकीचा, म्हणजे आल्याचा, रस म्हणतात. बोटाएवढे दोन तुकडे ताजी अद्रक, तिची साल सुरीनं नाही, चमच्याच्या कडेनं खरवडायची, म्हणजे साल तेवढीच निघते. मग बारीक किसणीवर किसून मुठीत दाबायची. चोथा भाजीला, रस माझ्या पोटात. त्यावर तीन लिंबं, दोन चमचे तिळाचं तेल, एक चमचा मध, कुटलेले मिरे आणि भाजलेल्या जवसाची पूड. ही पूड मात्र खास त्यांची, पूर्णिमाच्या यादीत नव्हती. झाकण घट्ट लावून हलवलं की तेल आणि रस एकजीव व्हायचे आणि माझा रंग गव्हाळ व्हायचा. काकडी, गाजर, पत्ताकोबी, मोड आलेले मूग, त्यावर दोन चमचे. खमंग, झणझणीत. मीठ नाही म्हणून कुणी नाक मुरडावं असं त्यात काही नव्हतं.

महिन्यात प्रेशर उतरलं. डॉक्टर म्हणाले, "भाभीजी, जो कर रही हैं वही करते रहिए." वनमालाबाई घरी येऊन मला पुसत बसल्या. बावीस वर्षांत मला असं कुणी पुसलं नव्हतं.

आणि मग या माणसानं काय केलं?

सोमवारी आणि शुक्रवारी रस व्हायचा. रस झाला की वनमालाबाई आंघोळीला आणि पूजेला जायच्या. तेवढ्यात दिवाकरराव, आज राव म्हणायचं जिवावर येतं, पण असो, चोरपावलांनी किचनमध्ये यायचे. झाकण उघडायचं, मिठाच्या डब्यातून भरून दोन चमचे आत. मग मला हलवत बसायचे, पाच-पाच मिनिटं. दाणा तळाला राहिला तर पकडले जाऊ, एवढी अक्कल होती.

पूजा करून आलेल्या वनमालाबाईंनी हे हलवणं एकदा पाहिलं आणि फोनवर लेकीला काय सांगावं? "तुझे बाबा बदलले गं. स्वतः बरणी हलवून देतात मले."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. फुटावं आणि ओट्यावर सगळं सांडून दाखवावं, असं वाटलं. पण काचेला मनासारखं फुटता येत नाही.

दिवाकररावांना माहीत होतं, बायको चाखणार नाही. नैवेद्याआधी तर नाहीच. आणि नंतर तिच्या ताटात सलाद उरणार नाही, कारण मीठ पडल्यापासून हे महाशय दोन-दोन वाट्या रिचवत होते. ती समाधानानं पाहायची आणि वरण-पोळी खाऊन उठायची. देवालासुद्धा तोच खारट सलाद गेला, आणि ती वाटीही प्रसाद म्हणून यांच्याच पोटात.

दोन महिन्यांत प्रेशर पुन्हा चढलं, आधीपेक्षा वर. गोळ्या दुप्पट झाल्या. वनमालाबाईंनी वरणातलं मीठही काढलं, पापडाचा डबा माळ्यावर टाकला. तरी खाली येईना. चेहरा उतरला बाईचा.

मग गावातल्याच पुरानी बस्तीतून मंदाकिनीताई आल्या, दिवाकररावांच्या थोरल्या बहीण. टेबलाशी बसून त्यांनी निकाल दिला, "वनमाला, तू त्याले रोज अद्रक काहून पाजून राहिली? अद्रक गरम असते. रक्त तापवते. पोट्टीनं फोनवर सांगितलं अन् तू ऐकलं. उद्या त्याले काही झालं तर लोक तुलेच बोलतील."

वनमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. तो माणूस ताटाकडे पाहत म्हणाला, "हव, ताई. मलेही तसंच वाटते."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. खोटं बोलणाऱ्यावर मी एवढी चिडत नाही. पण दुसऱ्याच्या जिवासाठी राबणारीला डोळ्यांदेखत दोषी होऊ देणारा माणूस, त्याला काय म्हणावं?

वनमालाबाई उठल्या. मला उचलून मोरीशी आणलं, झाकण उघडलं, ओतणार तोच थांबल्या. चार चमचे रस उरला होता. अन्न फेकायचं नाही, ही त्यांची दुसरी रीत. त्यांनी अर्धी काकडी चिरली, रस वर घातला आणि उभ्या उभ्या, ओट्याशीच, एक फोड तोंडात टाकली.

पहिल्यांदाच.

त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी मला उजेडाकडे धरून पाहिलं, बोटानं कड पुसून जिभेला लावली. मग ती वाटी घेऊन टेबलाशी गेल्या आणि नणंदेसमोर ठेवली. "ताई, घ्या बरं एक फोड."

मंदाकिनीताईंनी खाल्ली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "किती मीठ टाकलं गं यात?"

"मी टाकतच नाही," वनमालाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "अहो, कोण टाकते?"

दिवाकरराव पुटपुटले, "चव लागत नव्हती मले."

"तर सांगायचं होतं. लिंबू वाढवलं असतं, मिरे वाढवले असते. दोन महिने मी विचार करून राहिली, माझ्या हातानं तुम्हाले काय होऊन राहिलं. झोप नाही मले. अन् तुम्ही आत्ता ताईंसमोर हव म्हणता?"

मंदाकिनीताई भावाला म्हणाल्या, "दिवाकर, लाज वाटू दे." त्यानंतर अद्रकीचं नाव त्यांनी काढलं नाही.

आज मी टेबलावर, सगळ्यांसमोर असते. रसात मीठ नाही, लिंबं चार झालीत. प्रेशर हळूहळू उतरतंय. देवाचा नैवेद्य झाला की वनमालाबाई पहिली वाटी स्वतःला वाढून घेतात. सावकाश खातात, "बरोबर आहे" म्हणतात, मगच नवऱ्याला वाढतात. तोवर तो हात गुडघ्यावर ठेवून वाट पाहतो. बघू दे.

परवा खाता खाता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चांगलं लागते गं हे." बावीस वर्षं मी या घरात आहे. आपल्या हातचं त्या बाईनं सगळ्यांच्या आधी, बसून, पोटभर खाल्लं, ते आत्ता कुठे. आणि तेही कशासाठी, तर चोर धरायला.

त्यासाठी चोरी व्हावी लागली, याचा राग माझा अजून गेलेला नाही. तुमच्या घरी जी रांधते तिची वाटी आज आधी भरा. तिथल्या बरणीला माझ्यासारखं बोलायची पाळी येऊ देऊ नका.