उत्तराच्या मेंदूची वेस

मी एक वेस आहे, आणि फार दमले आहे. आवाज चढवायची ताकद नाही, म्हणून जरा जवळ येऊन ऐका.

गावाला वेस असते, तशी मेंदूलाही असते. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. बाकीच्या अंगात या पेशी सैलसर बसतात, मेंदूत मात्र एकमेकींना घट्ट बिलगून. तीच मी. रक्तातून साखर आली, प्राणवायू आला की आत सोडायचा. जंतू, विष, अनोळखी काहीही आलं की दारातूनच परत. माझ्याकडे छोटे छोटे पंपही आहेत. कुणी डोळा चुकवून आत शिरलंच, तर त्याला उचलून पुन्हा रक्तात टाकतात.

मी उत्तराच्या मेंदूची वेस. सगळी नव्हे, उजव्या कानाच्या आतल्या बाजूला जो भाग असतो तेवढीच. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर खरोखरच शेजारी कान होता, त्यामुळे घरात बोललेलं सगळं मला ऐकू यायचं.

घर दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील उल्हास, एका मंत्रालयात. आई हेमलता, घरी. उत्तरा एकुलती एक. ती पाच वर्षांची असताना तापात तिला आकडी आली आणि बराच वेळ थांबेचना. मी मुळात घाबरट. त्या दिवशी माझे सांधे उसवले, नको नको ते आत गेलं, आणि माझ्या शेजारच्या पेशींवर कायमचा वण पडला. वर्षभरानं त्या वणातूनच फिट्स यायला लागल्या. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, मग उत्तराची नजर हरवायची, ओठ चावल्यासारखे हलायचे, आणि कधी ती जागच्या जागी कोसळायची.

त्या तापानंतर मी कुणावर विश्वास ठेवायचाच सोडून दिला. पंप वाढवले. आणि नेमकी तेव्हाच गोळी आली.

मी तिला ओळखलं नाही हो. परकी दिसली, बाहेर काढली. दुसरी आली, तीही काढली. डॉक्टरांनी तिसरी सुरू केली, पहिली वाढवली. थोडंसं औषध निसटून आत जायचं, त्यामुळे रोजची फिट आठवड्यावर जायची, एवढंच. हेमलतानं सकाळी आठ आणि रात्री आठ कधी चुकवलं नाही. ती देत होती, मी फेकत होते. दोघी इमानानं काम करत होतो.

उत्तरा बावीस वर्षांची झाली तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "दवाइयाँ काम नहीं कर रहीं. एक शक ये भी है कि दिमाग का जो हिस्सा बीमार है, वहाँ का पहरा दवा को अंदर टिकने ही नहीं देता."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर हेमलता म्हणाली, "म्हणजे मी सोळा वर्षं देतेय आणि ती फेकतेय? कोण ही सटवी?"

"आमच्याच खात्यातली असणार," उल्हास म्हणाले. "आलेला कागद न वाचता परत."

उत्तरा हसली. मला मात्र ते फार लागलं.

उपाय एकच उरला होता. फिट जिथून निघते तो तुकडा शस्त्रक्रियेनं काढायचा. पण ती नेमकी कुठून निघते ते कॅमेऱ्यात आणि मेंदूच्या आलेखात एकदा तरी पकडायला हवं होतं. तशी सोय असलेल्या वॉर्डातली खाट आठ महिन्यांनी मिळाली. सोमवारी उत्तराच्या डोक्याला तारा चिकटवल्या, वरून पट्टी गुंडाळली, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या. शुक्रवारपर्यंत फिट आली नाही तर खाट दुसऱ्याला द्यावी लागेल, असंही बजावलं.

"बघा गंमत," उल्हास म्हणाले. "आजवर येऊ नये म्हणून नवस, आणि आता यावी म्हणून रजा टाकलीय मी."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी चक्रावले. गोळ्या तर बंद होत्या. मग रोज सकाळी आठनंतर माझ्या दारात औषध येत होतं ते कुठून? ते मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

गुरुवारी सकाळी हेमलतानं घरून आणलेला डबा उघडला.

"आई, शिरा कडू का लागतोय?"

"वेलची जास्त पडली असेल."

"वेलची कधी कडू असते?"

"दिल्लीची असते."

उत्तरानं चमचा ठेवला, आईची पर्स ओढली. आतून गोळ्यांचं पाकीट निघालं. चार घरं रिकामी.

"ये क्या है यार, आई?"

हेमलता खाटेच्या पायथ्याशी बसली. "आठ वाजले की हात आपोआप जातो गं. एक खाडा नाही केला मी आजपर्यंत. डॉक्टर म्हणतात, पडू द्या. मी मुद्दाम कशी पाडू तुला?"

"मी पडतेच ना, आई. बसस्टॉपवर पडते. परवा लोकांनी चप्पल हुंगवली मला! इथे गादी आहे, नर्स आहे. इथे पडू दे ना मला. एकदाच."

हेमलता उठली, डबा झाकला आणि स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगून आली.

"माताजी, आप भी ना!" डॉक्टरीणबाई इतक्या ओरडल्या, की मीच दचकले. पण रविवारपर्यंत खाट दिली.

शनिवारी दुपारी चार वाजता उत्तरा म्हणाली, "आई, पोटातून वर येतंय."

माझ्या भोवती वीज उसळली, सांधे पुन्हा ताणले गेले. फिट आली की हेमलता धावत येऊन लेकीला छातीशी धरायची, तिच्या चेहऱ्यावर पदर धरायची, लोकांनी बघू नये म्हणून. त्या दिवशी तिनं बटण दाबलं, पांघरूण बाजूला केलं आणि दोन पावलं मागे झाली. एका हातानं दुसरा हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली. कॅमेऱ्याला लेकीचा चेहरा दिसायला हवा होता.

आयुष्यभर पहारा केलेल्या बाईला बाजूला होता आलं. मला कधी जमलं नाही.

आलेखात माझी जागा स्पष्ट दिसली. दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया ठरली. कागदावर उत्तरानं स्वतः सही केली, काढलेला तुकडा संशोधनाला द्यायलाही हो म्हणाली. हेमलतानं विचारलं, "हिचं बोलणंबिलणं नाही ना जाणार?"

"मराठी आधीच निम्मं गेलंय दिल्लीत," उल्हास म्हणाले. "उरलंय तेवढं सांभाळा म्हणावं."

शस्त्रक्रियेत माझ्या वाहिन्या एकेक करून बंद केल्या. रक्त थांबलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या दारात कुणी आलं नाही.

आता मी एका प्रयोगशाळेत आहे, काचेच्या पट्टीवर, पातळ कापलेली. केतकी नावाची पुण्याची मुलगी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघते. इथे दिल्लीतच मुनिरकात खोली घेऊन राहते, दुपारी फोनवर आईशी बोलते. "अगं, पंप रंगवले की तपकिरी दिसतात. या नमुन्यात नुसते तपकिरी ठिपकेच ठिपके!" तिच्या आवाजात राग नसतो. सटवी म्हणत नाही ती मला. मी कशानं एवढी भ्याले, तेच तिला शोधायचंय. शोध बाई. अजून कितीतरी डोक्यांत माझ्यासारख्या वेशी औषधाला चोर समजून हाकलतायत.

पट्टीवर माझं नाव नाही, फक्त क्रमांक. मी कुणाची ते केतकीलाही माहीत नाही. त्यामुळे उत्तराच्या फिट्स थांबल्या का, हे मला कळायला वाटच उरलेली नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. फिट्स सुरू झाल्यापासून तिनं बाथरूमची कडी कधी आतून लावली नाही. हेमलता बाहेर स्टूल टाकून बसायची आणि दर दोन मिनिटांनी "आहेस ना गं?" विचारायची. आतून चिडून उत्तर यायचं, "हो, आहे!"

आता ती कडी लावते का?

त्या बाजूला कधी गेलात, कुणाकडून कळलं, तर इथे येऊन तेवढं सांगा. तोवर मी डोळा मिटत नाही.