झिजलेला खांदा

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. जुने आहे हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बघून तुम्हाला ते कळणार नाही. माझी काच लखलखीत आहे, तबकडी कोऱ्या कागदासारखी पांढरी आहे आणि अंगावर शोधून शोधून एखादाच बारीक ओरखडा सापडेल. वेळही मी बरोबर दाखवतो. माझी कहाणी ऐकून तुम्ही कदाचित हळहळाल. मी हळहळत नाही. मला हल्ली फारसे काही वाटतच नाही, आणि म्हणूनच ती सरळ सांगता येईल असे दिसते.

माझा जन्म एका साध्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबले, प्रत्येक टेबलावर दिवा आणि एका डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायका. कामाच्या वेळी त्या एकमेकींशी बोलत नसत, कारण जोरात श्वास सोडला तरी एखादा स्क्रू उडून जाई. जेवणाच्या सुट्टीत मात्र त्या सगळी कसर भरून काढत. ज्या कंपनीने मला बनवले तिचे नाव कधी मोठे नव्हते, आणि पुढे ती बंदही पडली. आमच्या घड्याळांच्या जगात घराण्याला फार किंमत असते. मला घराणे नाही. याचे मला तेव्हाही फारसे दुःख नव्हते, कारण दुकानाच्या काचेमागे मी जेमतेम आठवडाभर राहिलो आणि मास्तरांनी मला विकत घेतले.

मास्तर एका शिवणकामाच्या दुकानात कापड बेतत. ते डावखुरे होते. कात्री डाव्या हातात, म्हणून मी उजव्या मनगटावर. आता उजव्या मनगटावर घड्याळ बांधले की त्याची चावी कोपराकडे तोंड करून बसते आणि ती फिरवायची म्हणजे मोठी खटपट. मास्तरांना खटपटीचा कंटाळा. त्यामुळे माझी चावी त्यांच्या बायकोकडे आली. दुकानातली माणसे तिला काकू म्हणत, मीही काकूच म्हणेन. रोज सकाळी चहा झाला की काकू मला डाव्या हातात धरत, उजव्या हाताने चावी देत, कानाशी नेऊन ऐकत आणि मग मास्तरांच्या पुढे केलेल्या मनगटावर बांधत.

"मला चावी घरून मिळते," असे मास्तर गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतःच हसत.

दिलेल्या वेळेला कपडे तयार ठेवणारा शिंपी म्हणून त्यांचे नाव होते. लोकांना ते खरेच वाटत नसे. शिंपी आणि वेळेवर! एखादे गिऱ्हाईक आश्चर्याने बघू लागले की मास्तर माझ्यावर बोट ठेवत, जणू सगळे श्रेय माझेच. खरे सांगायचे तर मी दिवसाला थोडा मागेच पडत असे. काकू सकाळी काटे सरकवून माझी लाज राखत.

कापड बेतताना मास्तर उजव्या हाताने लोखंडी पट्टी दाबून धरत. कात्री पुढे गेली की हात पट्टीच्या कडेला घासत पुढे सरके, आणि हाताबरोबर मीही. पट्टा जिथे अडकवतात ते घड्याळाचे चार कोपरे असतात. मी त्यांना माझे खांदे म्हणतो. त्यांतला एक खांदा पट्टीला घासून घासून झिजला. किती कोट, किती विजारी, किती शाळेचे गणवेश त्या खांद्यावरून गेले असतील. काचेच्या कडेला खडूची भुकटी बसली ती कायमची. काकू चावी देताना डावा अंगठा नेमका त्या झिजलेल्या जागी टेकवत. तिथे त्यांच्या अंगठ्यापुरता खळगा झाला होता. मास्तरांनी बाहेरून घासले, काकूंनी वरून गुळगुळीत केले, असे ते दोघांचे मिळून काम होते.

मास्तर गेले तेव्हा मी त्यांच्या मनगटावर चालूच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला चावी दिली, कानाशी नेऊन ऐकले आणि बांधायला हात पुढे केला. थोडा वेळ तो हात तसाच राहिला. मग त्यांनी मला खिडकीत ठेवले. त्यानंतर रोज तेच झाले, फक्त हात पुढे करणे तेवढे थांबले.

पुढे काकूंची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने गेली. आधी शेजारणीचा चेहरा गेला, मग भिंतीवरचे कॅलेंडर, मग माझे काटे. माझा खांदा मात्र गेला नाही. अंधारातही अंगठा त्या खळग्यात बसला की वरची बाजू कुठली आणि चावी कुठे, हे त्यांना कळे. त्यांचा मुलगा त्यांना स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्यांच्याबरोबर मीही गेलो.

हा मुलगा दातांचा डॉक्टर. हुशार, नीटनेटका, आईवर जीव असलेला. त्याला घड्याळे जमवायचा छंद होता. त्यांच्यासाठी सहा खणांची लाकडी पेटी होती. सूनबाईंनी नियम घालून दिला होता, "पेटी एकच. ती भरली की एक आलं तर एक गेलं पाहिजे. नाहीतर दागिन्यांच्या बाबतीत मीही हाच छंद सुरू करते." डॉक्टर हा नियम निमूटपणे पाळत.

काकूंनी मला स्वतःहून त्या पेटीत पाठवले. "मी कुठेतरी ठेवते आणि चाचपडत बसते," त्या म्हणाल्या. "परवा कपाबरोबर बेसिनमध्ये गेलं असतं. तुझ्या पेटीत असू दे. फक्त सकाळी माझ्या हातात देत जा." डॉक्टर रोज सकाळी मला त्यांच्या हातात देत, चावी देऊन झाली की परत नेत.

पेटीत तेव्हा एकच खण रिकामा होता, त्यात मी बसलो. पण तो खण खरे तर दुसऱ्याच कोणासाठी राखलेला होता. एक नवेकोरे, मोठ्या नावाचे घड्याळ. त्यासाठी डॉक्टरांनी दुकानात कधीपासून नंबर लावून ठेवला होता, आणि नेमका तेव्हाच दुकानातून फोन आला, घड्याळ आले आहे, घेणार असाल तर कळवा.

त्या रविवारी डॉक्टरांचे वकील मित्र आले. त्यांच्या हातात तसलेच घड्याळ होते. त्यांनी ते काढून माझ्या शेजारी ठेवले. काय सांगू, मित्रांनो! त्याच्या तबकडीत खोली होती, कडा इतक्या धारदार की उजेड त्यांवर अडत होता. मला माझी खडूची भुकटी पहिल्यांदा लक्षात आली.

"जुनं घड्याळ म्हणजे दुसऱ्याची कटकट आपल्या मनगटावर," वकील म्हणाले. "नव्याला वॉरंटी आहे. पाण्यात चालतं. वेळ चुकत नाही. चारचौघांत हात पुढे केला की तोंडाने काही सांगावं लागत नाही."

"नवं काय, कोणालाही मिळतं," डॉक्टर म्हणाले. "जुन्यावर माणूस दिसतो. कुठे घासलं, कुठे आपटलं, कोण कसा वावरला. ते पुन्हा बनवता येत नाही."

"म्हणून तर तू ते मागचं परत केलंस. कोपरा जरासा गोल होता म्हणून!"

"जरासा? कोणीतरी पॉलिश मारलं होतं त्याला. आजोबांच्या फोटोतल्या सुरकुत्या खोडल्यासारखं. जुन्याला हात लावायचा नाही, हे मी शंभरदा सांगतो."

"बरं बाबा. मग या बिननावाच्याला ठेवतोस, की माझ्यासारखं शहाण्यासारखं वागतोस?"

डॉक्टर बराच वेळ मला हातात घेऊन बसले. मग त्यांनी दुकानात फोन लावला आणि सांगितले की नको, दुसऱ्या कोणाला द्या. वकिलांनी कपाळावर हात मारला. मला तेव्हा अजून काहीतरी वाटत असे. अभिमान वाटला, हे कबूल करतो. त्या दिवशी मी मागे पडायच्या ऐवजी दोन मिनिटे पुढे धावलो असेन.

पण घरात आलेल्या माणसाला चार चांगले कपडे शिवावेत, तसे डॉक्टरांना वाटू लागले. पेटी उघडली की बाकीची घड्याळे चमकत आणि मी मळकट दिसे. काकूंचा वाढदिवस जवळ आला होता. एक दिवस डॉक्टर मला खिशात घालून घड्याळजींकडे घेऊन गेले.

"नव्यासारखं करायचं?" घड्याळजींनी विचारले. "तुम्हीच तर सगळ्यांना पॉलिश नको म्हणून ओरडत असता."

"ते घेण्याविकण्याच्या घड्याळांचं. ह्याला बाजारात कोण विचारतोय? हे घरचं आहे."

"आणि हा कोपरा? पार बसलाय."

"भरून टाका," डॉक्टर म्हणाले. "दात भरतो तसा."

दोघेही हसले. त्यात वाईट काही नव्हते. प्रेमाने सांगितलेले काम होते ते, आणि घड्याळजींनी ते फार सफाईने केले. माझ्या खांद्यावर धातू चढवून तो घासून बाकीच्या तिघांसारखा केला. फिरत्या चाकावर सगळे अंग घासले. तबकडी धुऊन पुन्हा रंगवली. काच बदलली. खडूची भुकटी एका लहान ब्रशने काढली आणि फुंकून टाकली. मला दुखले नाही. दुखायला हवे होते, असे मला नंतर वाटले, आणि तेच बहुधा माझे शेवटचे वाटणे.

मी नव्हतो तितके दिवस काकू सकाळी हात पुढे करून विचारत, "आलं का रे ते?" आणि डॉक्टर म्हणत, "सर्व्हिसिंगला दिलंय, आई. वाढदिवसाला देतो की नाही बघ."

वाढदिवसाला सगळे बाहेरच्या खोलीत जमले. वकीलही आले होते. डॉक्टरांनी मला मखमलीच्या डबीतून काढून काकूंच्या डाव्या हातावर ठेवले. काकूंचा अंगठा सवयीने खांद्याकडे गेला. तिथे काही सापडले नाही म्हणून दुसऱ्या खांद्याकडे गेला. मग त्यांनी मला फिरवून चारही कोपरे चाचपले, आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपले. मग कानाशी धरले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "नवीन घेतलंस वाटतं. आणि ह्यांचं कुठंय?"

"हेच आहे, आई. बाबांचंच आहे."

काकू हसल्या. "बाळा, डोळे गेलेत माझे. बोटं नाही गेली."

"अगं, खरंच हेच आहे. जरा साफ करून घेतलं एवढंच."

"साफ केल्यावर झिजलेलं भरून येतं होय रे?" काकूंनी शांतपणे विचारले. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हरवलं असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही."

वकील खिडकीबाहेर बघू लागले. सूनबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांच्या तोंडाशी आले होते की कोपरा मी भरून घेतला. मी काकूंच्या हातावर होतो, मला डॉक्टरांचा चेहरा नीट दिसत होता. पण ते सांगितले असते तर काकूंनी विचारले असते, का भरलास? आणि त्यावर उत्तर एकच होते, चांगले दिसावे म्हणून. हे उत्तर ज्या आईला दिसत नाही तिला द्यायचे होते.

"हरवलं, आई," डॉक्टर म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "माणूस गेला तिथे घड्याळाचं काय. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्यांनी डॉक्टरांचा हात चाचपत शोधला आणि मला त्यांच्या तळव्यावर ठेवून त्यांची बोटे मिटली. "हे ज्याचं असेल त्याचं नीट ठेव."

मी तेव्हा चालू होतो. माझी टिकटिक पूर्वीचीच होती, आतली चाके पूर्वीचीच होती. पण टिकटिक तर सगळ्यांचीच सारखी असते.

आता मी पेटीत राहतो. डॉक्टरांनी माझ्याऐवजी ते नवे घेतले असते तर मी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडलो असतो, मळकट, मागे पडणारा, आणि सकाळी काकूंच्या हातात जाणारा. त्यांनी जुने निवडले आणि ते नवे करून घेतले. त्या दिवसानंतर ते कोणाला जुन्या-नव्याबद्दल काही सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी वस्तू असेल तर तिची धूळ पुसा, तिला तेल द्या, तिला वापरा. पण ती चकचकीत करण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या हातात ती एकदा देऊन बघा. कोणाचे बोट कुठे जाऊन थांबते, तेवढे बघा.

काकूंनी मला पुन्हा मागितले नाही. सकाळी चहा झाला की त्यांचा अंगठा आणि बोट मांडीवर आपोआप फिरत राहतात. डॉक्टर दारात उभे राहून ते बघतात, मग मला बांधून कामाला जातात. हल्ली ते मला उजव्या मनगटावर बांधतात. दवाखान्यात हत्यारांचा स्टीलचा ट्रे असतो, त्याच्या कडेला मुद्दाम माझा तो खांदा टेकवून काम करतात. परवा तिथे एक बारीक ओरखडा उठला. खळगा पडायला मास्तरांना एक जन्म लागला होता, आणि काकू आता फार थकल्या आहेत.